दादाभाईंची खतावणी

दादाभाई नौरोजींचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तेही हजारोंनी. काँग्रेसमधले सहकारी दिनशा वाच्छा मुंबईहून लिहितात, इंग्रज समाजवादी हिंडमन आणि काँग्रेसचे मित्र वेडरबर्न विलायतेतून. असा संग्रह लावायला बसलं की खासगी कागद इकडे, राजकीय तिकडे, असे दोन ढीग करावेसे वाटतात. इथे ते जमत नाही, कारण या माणसाचं राजकारणच व्यापाऱ्याच्या वहीतून निघालं.

आपण त्यांना राष्ट्रपितामह करून भिंतीवर टांगलं, त्यामुळे ते पेढीवर बसत होते हे ध्यानातच राहत नाही. १८५५ साली एल्फिन्स्टन कॉलेजातली प्राध्यापकी सोडून ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. अफू-दारूचा नफा पटेना, म्हणून १८५८ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी स्वतःची पेढी काढली. माल कापसाचा. हिंदुस्थानचा कच्चा माल विलायतेला जाण्याच्या त्या धंद्यात तेही होतेच. चरित्रकारांनी यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. आतून पाहिलं म्हणूनच त्यांना गळती दिसली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या बसल्या. १८६६ मध्ये त्यांचीही बसली.

इंग्लंडवर हिंदुस्थानचं देणं आहे, असं सांगणारा निबंध त्यांनी १८६७ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे वाचला. ओरड नवी नव्हती. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ सालीच ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या सहीने कंपनी सरकारवर तोफ डागली होती. दादाभाईंनी त्या ओरडीला जमाखर्चाची शिस्त लावली. शंभराचा माल बाहेर धाडला, तर परत शंभर आणि वर नफा यायला हवा. म्हणजे देशाची आयात निर्यातीहून जास्त दिसायला हवी. हिंदुस्थानच्या खात्यावर नेमकं उलटं होतं. मग मधली रक्कम गेली कुठे? गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शनी, लंडनमध्ये भागवायचा सरकारी खर्च, कर्जावरचं व्याज: एकेक नोंद त्यांनी शोधून काढली.

१८७६ च्या ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात तर त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. प्रांतवार पीक, त्याचे भाव, लोकसंख्या; भागाकार केला तर माणशी वर्षाला वीस रुपये. शेजारी तुरुंगांचा हिशेब ठेवला. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून जास्त खर्च करत होतं! कारकुनाच्या कोरड्या तक्त्यातून असा आरोप उभा करायला वही वाचायची सवय लागते.

१८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते अगदी निसटत्या मताधिक्याने पार्लमेंटात गेले. त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते वेल्बी कमिशन. हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या या कमिशनचे ते सभासद होते आणि त्याच्यापुढे त्यांनी साक्षही दिली. तपासनीसही तेच आणि फिर्यादीही तेच. सरकारी शिष्टाचाराला हे कसं पचलं असेल कोण जाणे. बहुमताचा निष्कर्ष काही त्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. १९०० साली वेडरबर्न आणि केन या सभासदांबरोबर त्यांनी अल्पमताचा वेगळा अहवाल दिला. त्यातलीही तक्रार व्यापाऱ्याची: साम्राज्याच्या कामाचं बिल हिंदुस्थानच्या नावे टाकू नका, त्यातला आपला वाटा इंग्लंडने उचलावा.