कायद्याचा आडोसा

चीनमधील पत्रकार शी ताव यांना एप्रिल २००५ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, ती एका ईमेलपायी. तिआनमेन हत्याकांडाला २००४ मध्ये पंधरा वर्षे होत होती. त्या निमित्ताने वृत्तपत्रांना आलेल्या सरकारी सूचनांचा तपशील त्यांनी याहूच्या खात्यावरून, टोपणनावाने, न्यूयॉर्कच्या एका संकेतस्थळाला पाठवला. हा ईमेल कुठून गेला, हे याहूने दिलेल्या माहितीने उघड झाले आणि न्यायालयात तीच माहिती पुरावा ठरली.

आपण स्थानिक कायदा पाळला, असे याहूचे म्हणणे होते. चौकशी कशाची आहे याची कल्पना नव्हती, असेही कंपनीने अमेरिकी संसदेला २००६ मध्ये सांगितले. पुढे चिनी यंत्रणेने याहूकडे माहिती मागितली ते मागणीपत्रच प्रसिद्ध झाले. त्यात ‘राज्याची गुपिते’ परदेशी पुरवल्याचा आरोप स्पष्ट लिहिलेला होता. चीनमध्ये हा आरोप कोणावर ठेवला जातो, हे तिथे व्यवसाय करणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे होते. नोव्हेंबर २००७ च्या सुनावणीत याहूचे प्रमुख जेरी यांग यांनी शी ताव यांच्या आईसमोर मान लवून माफी मागितली. मुलगा तेव्हा तुरुंगातच होता.

पोलीस दारात आल्यावर कंपनीच्या हाती फारसे उरत नाही, हे खरे. पण ग्राहकांच्या नोंदी कोणत्या सरकारच्या हाताशी ठेवायच्या, हे तिने फार आधी, नफ्याचा हिशेब करताना ठरवलेले असते. जबाबदारी तिथेच सुरू होते. गुगलने २००६ मध्ये चीनसाठी वेगळी शोधसेवा काढली आणि निकालांवरची सेन्सॉरशिप पत्करली, ही तिची चूकच. मात्र ईमेल आणि ब्लॉग या सेवा तिने तिथे मुद्दाम नेल्या नाहीत. म्हणजे दुसरा मार्ग होता.

२००८ मध्ये याहू, गुगल, मायक्रोसॉफ्ट, मानवी हक्क संघटना आणि अभ्यासक यांनी मिळून ‘ग्लोबल नेटवर्क इनिशिएटिव्ह’ उभारला. सरकारी मागणी लेखी मागावी, तिचा संकुचित अर्थ लावावा, नव्या देशात पाऊल टाकण्याआधी धोके तपासावेत, अशी तत्त्वे त्याने घालून दिली. ती पाळली जातात का, हे बाहेरचे परीक्षक पाहतात. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही सरकार कर्तव्यात चुकले तरी कंपनीची जबाबदारी संपत नाही. परंतु या उपक्रमाचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. जी कंपनी त्यात येतच नाही, तिला त्याच्या नियमांखाली जाब विचारता येत नाही.