कचेरीवरचा झेंडा, कचेरीतली खुर्ची

परक्यांचे राज्य गेले की आपले राज्य आपोआप येईल, अशी स्वातंत्र्यचळवळीतल्या पुष्कळ तरुणांची श्रद्धा होती. यशवंतराव चव्हाण त्याच पिढीचे. पण देवराष्ट्र्यापासून दिल्लीपर्यंतचा त्यांचा प्रवास सलग पाहिला, की या श्रद्धेतून निघालेला एक प्रश्न त्यांच्या मनात हळूहळू पक्का होत गेलेला दिसतो. गोरा साहेब गेल्यावर त्याच्या खुर्चीत कोण बसणार? मला त्यांची मंत्रिपदे मोजण्यापेक्षा या प्रश्नाचा माग काढणे अधिक मोलाचे वाटते.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील गेले आणि आई विठाईंनी हलाखीत मुले वाढवली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकणाऱ्या या मुलाच्या अवतीभवती विचारांचे दोन प्रवाह होते. थोरले बंधू गणपतराव सत्यशोधक वळणाचे, तर शाळेत आणि गावात काँग्रेसच्या राष्ट्रीय चळवळीचे वारे. एक प्रवाह इंग्रजांना जाब विचारत होता, दुसरा गावातल्या भटजी-सावकारांना. बहुतेकांनी यातली एक बाजू धरली. यशवंतराव काँग्रेसमध्ये गेले, पण सत्यशोधकांचा प्रश्न त्यांनी घरी ठेवला नाही.

२६ जानेवारी १९३२ रोजी झेंडा लावल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत, ह. रा. महाजनी अशा माणसांच्या सहवासात त्यांचे खरे शिक्षण झाले. गांधी, मार्क्स, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांवर तिथे रात्रंदिवस चर्चा चालत. काही काळ ते रॉय यांच्याकडे ओढले गेले, पुढे दूरही झाले. मात्र गरिबाच्या हातात काही पडत नसेल तर स्वराज्य अपुरे, ही जाणीव तुरुंगातून बाहेर पडताना त्यांच्यासोबत आली.

मग १९४२ उजाडले. जूनमध्ये वेणूताईंशी लग्न झाले आणि ऑगस्टमध्ये 'चले जाव' आंदोलनात यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे न्यायचे ठरले. कऱ्हाड, तासगाव, वडूज, इस्लामपूर अशी ही मालिका. वडूजला ९ सप्टेंबरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेक सत्याग्रही धारातीर्थी पडले. पुढे काही महिन्यांत पोलिसांनी नववधू वेणूताईंनाही तुरुंगात नेले.

मोर्चे कचेरीवरच का नेले, याचा विचार करण्यासारखा आहे. शेतकऱ्याला लंडनचे सरकार कधी दिसत नव्हते, मामलेदार कचेरी दिसत होती. सातबारा, शेतसारा, जप्ती, सगळे तिथेच. राज्य तिथे राहत होते, म्हणून झेंडाही तिथेच लावायचा होता. पुढच्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने आणखी मोठी झेप घेतली. गावोगावी न्यायदान मंडळे बसली आणि लोक आपला कारभार आपण करू शकतात हे सिद्ध झाले. त्याचे श्रेय यशवंतरावांचे नाही. पण त्याच मातीतला कार्यकर्ता पुढे राज्याचा प्रमुख झाला, तेव्हा तो धडा त्याला ठाऊक होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेही संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले असताना. त्यांनी नेहरूंच्या बाजूने उभे राहणे पसंत केले, म्हणून लोक त्यांच्यावर संतापले. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली आणि ते स्वतः कऱ्हाडमधून थोडक्यात वाचले. त्या जनमताचा अर्थ समजून त्यांनी दिल्लीला वळवण्यात वाटा उचलला, हे मान्य करायला हवे. तरी महाराष्ट्र मिळवला तो रस्त्यावरच्या लोकांनी आणि १०५ हुतात्म्यांनी, हेही तितकेच खरे.

सत्ता हाती आल्यावर मात्र कचेरीचा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. सत्ता गावाकडे न्यावी तर गाव कोणाचे? बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांवर केलेली टीका ताजी होती. खेडे म्हणजे जातीची उतरंड, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको होते. म्हणून यशवंतरावांच्या काळातले दोन निर्णय मला एकत्र वाचावेसे वाटतात. बाबासाहेब १९२८पासून ज्यासाठी लढले ते महार वतन १९५८च्या कायद्याने रद्द झाले. आणि १९६१मध्ये जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला. वतनाची वेठ संपल्याशिवाय गावाला दिलेली सत्ता पाटलाच्या वाड्यातच राहिली असती.

जिल्हा परिषदेची रचनाही विचारपूर्वक झाली. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. राज्याच्या वसंतराव नाईक समितीने मात्र जिल्हा हे मुख्य केंद्र ठरवले, कलेक्टर परिषदेबाहेर ठेवला आणि आमदार-खासदारांनाही सदस्यत्व दिले नाही. १ मे १९६२ रोजी हा कारभार सुरू झाला. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी यांचे निर्णय जिल्ह्यातली निवडून आलेली माणसे घेऊ लागली. ज्या कचेरीवर झेंडा लावताना माणसे मेली, तिच्या शेजारी शेतकऱ्याच्या मुलासाठी खुर्ची मांडली गेली. माझ्या मते यशवंतरावांच्या विचारांचे हेच शिखर.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनच्या युद्धाने त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला नेले. तिथे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली. पण सत्ता खाली उतरवणारा हा माणूस, ती वर एका हाती गोळा होत असताना बोलला नाही. आणीबाणीत ते मंत्रिमंडळातच राहिले. जयप्रकाशांसारखे चळवळीतले सोबती तुरुंगात होते आणि बेचाळीसचा हा भूमिगत कार्यकर्ता सरकारात होता. त्यांच्याविषयी आदर असूनही, किंबहुना म्हणूनच, ही उणीव झाकता येत नाही. सत्ता वाटण्याची त्यांची कल्पना जिल्ह्यापर्यंत स्पष्ट होती, पण पक्षापर्यंत आणि पंतप्रधानांच्या दालनापर्यंत ती पोचली नाही. अखेरच्या वर्षांत ते आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. केंद्राने राज्यांना किती द्यावे हा वाटपाचा प्रश्न पुन्हा त्यांच्याच हाती आला. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे १९९३मध्ये ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला घटनेचे बळ मिळाले, स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या. तरी ज्या खुर्च्या शेतकऱ्याच्या मुलासाठी होत्या, त्यातल्या किती तरी ठरावीक घराण्यांच्या झाल्या. मार्च २०२२मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका रखडल्या आणि कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांकडे राहिला. निवडून आलेल्या माणसाची खुर्ची पुन्हा नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेली आणि गावांनी ते मुकाट्याने चालवून घेतले. या गोष्टीने आपण अस्वस्थ व्हायला हवे होते.

यशवंतरावांचे आयुष्य आपल्यापुढे असे अर्धे काम ठेवते. सत्ता वरून कायद्याने खाली देता येते, हे त्यांनी दाखवले. ती खाली टिकवायची तर खालच्या माणसाने मागत राहावे लागते आणि वरच्या माणसाला वेळेवर अडवावे लागते, हे त्यांच्या मौनाने दाखवले. पुतळे आणि जयंत्या त्यांना पुरेशा मिळाल्या आहेत. आता जिल्हा परिषदेची निवडणूक वेळेवर घ्या, तिचे पैसे आणि अधिकार तिच्याकडे द्या, अशी मागणी तालुक्या-तालुक्यातून उठली पाहिजे. त्यांच्या विचाराचा खरा वारसा तिथूनच पुढे जाईल.