अन्याय कळल्यावर किती दिवस थांबावें?

चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा हा चोराचा सोबती होय, हें कोणासही पटवून द्यावें लागत नाहीं. परंतु जो माल दुसऱ्यास राबवून, त्याचें स्वातंत्र्य हिरावून पिकविलेला आहे, तो घेणाऱ्यास कितपत दोष लागतो? आणि अन्यायाची कुणकुण लागल्यावर चौकशी करीत करीत किती दिवस तोच माल घेत राहावें?

इंग्लंडांतील क्याडबरी नांवाचे चॉकलेट करणारे कारखानदार क्वेकर पंथाचे होते, व त्या पंथानें गुलामगिरीविरुद्ध पूर्वींच मोठी झुंज दिली होती. त्यांचा पुष्कळसा कोको पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटांतून येत असे. १९०१ सालीं तेथील एक मळा विक्रीस निघाला, तेव्हां मालमत्तेच्या यादींत मजुरांचीही किंमत मांडलेली त्यांस आढळली. अंगोलांतून आणलेले हे मजूर नांवाला पांच वर्षांच्या करारावर असत. परंतु स्वदेशीं परत गेलेला मजूर क्वचितच दिसे. क्याडबरींनीं लिस्बनास जाऊन विचारपूस केली, १९०५ सालीं जोसेफ बर्ट ह्यांस प्रत्यक्ष पाहणीस पाठविलें, आणि १९०९ च्या मार्च महिन्यांत खरेदी बंद केली. मध्यंतरीं आठ वर्षें लोटलीं. एका वृत्तपत्रानें त्यांस ढोंगी ठरविलें, म्हणून त्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली व ती जिंकलीही; परंतु पंचांनीं नुकसानभरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा!

त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. गिऱ्हाइकाच्या शब्दाला वजन असतें. आपण निघून गेलों तर दुसरा कोणी येऊन तोच माल मुकाट्यानें घेईल. परंतु ह्या युक्तिवादास मुदत पाहिजे. ज्या चौकशीला शेवट नाहीं, ती चौकशी अन्यायाचें पांघरूण होते. आणि मळ्यांतील मनुष्याचे दिवस मात्र भरत जातात.

पुढें कोकोचा व्यापार गोल्ड कोस्टाकडे, म्हणजे आजच्या घानाकडे वळला. तेथें आफ्रिकन शेतकरी आपल्याच शेतांत कोको पिकवीत. तथापि प्रश्न मिटला नाहीं. आज जगांतील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना ह्या दोन देशांतून येतो. अतिदुष्ट बालमजुरीवांचून पिकलेल्या कोकोची खात्री देणारी पद्धत २००५ पर्यंत घालून देण्याचें वचन मोठ्या व्यापाऱ्यांनीं २००१ सालीं दिलें होतें. तें पुरें झालें नाहीं. २०२० सालच्या एका अहवालांत ह्या दोन देशांतील सुमारें १५,६०,००० मुलें कोकोच्या कामांत बालमजुरी करीत असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील पुष्कळ आपल्याच आईबापांच्या शेतांत कोयता चालवितात व जड ओझीं वाहतात. पिकाला भाव तुटपुंजा मिळाला कीं बापाला मजूर लावणें परवडत नाहीं, मग तो मुलाला हांक मारतो.

म्हणून येथें नुसता बहिष्कार पुरत नाहीं. आपले हात निर्मळ ठेवणें निराळें आणि त्या मुलाच्या हातांतील कोयता सुटणें निराळें. खरेदीदारानें माल कोठून आला हें विचारावें, सुधारणेस मुदत घालावी व ती पाळावी. आणि शेतकऱ्याचें घर चालेल इतका भाव द्यावा. ज्या जिनसेचा पुरा भाव आपण देत नाहीं, त्याची तूट कोणीतरी भरून काढीतच असतो.