असाध्य जनावर आणि अहिंसा

1928 साली साबरमती आश्रमात असह्य वेदनेने तडफडणाऱ्या एका अपंग वासराला डॉक्टरकरवी विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले, तेव्हा विशेषतः जैन समाजात मोठा गहजब झाला. हिंसा कृतीवरून नव्हे तर हेतूवरून ठरते, त्यामुळे निःस्वार्थपणे, केवळ वेदना संपवण्यासाठी केलेला वध शल्यवैद्याच्या सुरीप्रमाणेच अहिंसेत बसतो, अशी गांधीजींची भूमिका होती. जैन विचारानुसार मात्र प्रत्येक जीवाचे कर्म त्याचे त्यानेच झिजवायचे असते, आणि सल्लेखना, म्हणजे क्रमाने आहार सोडत पत्करलेले मरण, हेसुद्धा स्वतःच्या व्रतावरच उभे असते. वासरू असे व्रत घेऊ शकत नाही. हा आक्षेप सहजी झटकण्यासारखा नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर रुग्ण उरतो, इथे तो उरत नाही.

तथापि या वादात पशुवैद्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. हेतूच्या शुद्धतेचा प्रश्न जनावर असाध्य ठरल्यानंतरच उद्भवतो, आणि तसे ठरवणे त्याच्याकडे असते. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातही, गंभीर जखमी जनावर मारण्याआधी त्याला जिवंत ठेवणे क्रूरपणाचे होईल असा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला महत्त्वाचा मानला आहे. चरकसंहिता असाध्य रोगांतही याप्य, म्हणजे उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारा, आणि ज्यावर उपचारच चालत नाही तो, असा भेद करते. गोठ्यात मात्र ही सीमा सरकत राहते. दुग्धज्वरात, म्हणजे व्यायल्यानंतर रक्तातील कॅल्शियम घटल्याने, आडवी पडलेली गाय शिरेतून कॅल्शियम दिल्यावर बहुधा काही तासांत उभी राहते. पण ती फार वेळ एकाच कुशीवर पडून राहिली, तर अंगाखाली दबलेल्या पायाचे स्नायू निकामी होतात आणि मूळ आजार गेला तरी ती उठत नाही. म्हणून तिच्याखाली पेंढ्याचा जाड थर घालावा लागतो, काही तासांनी कूस बदलावी लागते, आणि एवढ्या वजनाचे जनावर उलटवायला एकटा माणूस पुरत नाही. तेव्हा गाय असाध्य ठरते ती केवळ रोगामुळे नव्हे. घरात किती हात आहेत, यावरही ते अवलंबून असते, आणि दाखल्यावर सही करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

मुंबईत 1834 साली स्थापन झालेल्या पांजरपोळासारख्या संस्था निरुपयोगी जनावर मरेपर्यंत सांभाळण्याचे व्रत चालवतात. हे व्रत गांधीजींना दिलेले खरे उत्तर ठरू शकते, पण आडव्या पडलेल्या जनावराची कूस बदलायला रात्रीही तिथे कोणी असेल तरच.