परांचीचे छायाचित्र

इमारत पूर्ण झाली की परांची उतरते. जिच्या आधाराने भिंत उभी राहिली तिची खूणही भिंतीवर उरू नये, अशीच बांधणाऱ्याची इच्छा असते. आधाराची भोके गिलाव्याखाली बुजवली जातात. म्हणून परांचीचे छायाचित्र घेणे ही वरकरणी कृतज्ञतेची कृती वाटते. ती तशी आहे काय, हे मात्र तपासले पाहिजे.

चंडीगढला लागून असलेले मोहाली १९६६ च्या पंजाब पुनर्रचनेनंतर वाढले आणि शेजारच्या शहराचे सेक्टरांचे अंक त्याने पुढे चालवले. आज तेथे शेतांच्या कडेला बहुमजली इमारती उठत आहेत. लोखंडी नळ्यांचे चौकोन, त्यांना छेदणारे तिरपे दांडे, हिरवी जाळी; सकाळचे ऊन पडले की भिंतीवर सावल्यांची दुसरी परांची उमटते. एवढ्यात त्या रेषांमधून एक मजूर वर चढू लागतो. छायाचित्रकाराने तो चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबावे, की तेव्हाच कळ दाबावी?

या भूमीला हा प्रश्न नवा नाही. ल कॉर्ब्युझिए यांचे चंडीगढ घडत असताना, १९५० च्या दशकात, लुसिएँ एर्वे आणि एर्न्स्ट शायडेगर यांनी त्याची छायाचित्रे घेतली. डोक्यावर घमेली घेतलेल्या मजूर स्त्रिया तेव्हाच्या चित्रांत दिसतात. २०१६ साली तेथील कॅपिटॉल संकुल जागतिक वारसा ठरले. वास्तुकाराचे नाव जगभर झाले, त्या स्त्रिया निनावीच राहिल्या. तरीही त्या होत्या, एवढी साक्ष चित्रांनी दिली.

परंतु माणूस चौकटीत असला म्हणजे न्याय झाला, असेही नव्हे. इमारतीची उंची कळावी म्हणून, किंवा आडव्या-उभ्या रेषांत एक जिवंत ठिपका हवा म्हणून तो ठेवला असेल, तर तोही नक्षीच झाला. माणसाला केवळ साधन मानू नये, असे कांटने १७८५ साली बजावले होते. परांची हे निखळ साधन आहे. तिच्यावर उभा असलेला माणूस तसा नाही. दोहोंना एकच मोल देणारी नजर येथे चुकते.

वेरूळच्या कैलास लेण्यात खडक वरून खाली कोरला गेला. न कोरलेला खडकच कारागिराच्या पायाखालची जमीन होता. पायाखालची जमीन वर नेणाऱ्या बांधकामात ती माणसालाच रचावी लागते. परांचीतील तिरपा दांडा म्हणूनच शोभेचा नसतो. तो नसेल तर चौकोन कलतो. भारतात बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीचाही विचार झाला, तो याच कारणासाठी.

तेव्हा सौंदर्य आणि सुरक्षितता यांच्या रेषा येथे वेगळ्या नाहीत. जो आकृतिबंध खरोखर नीट पाहील, त्याला निसटलेला दांडा, नसलेला कठडा आणि मजुराच्या कमरेला नसलेला पट्टाही दिसेल. दिसल्यावर केवळ कळ दाबून पुढे जाता येत नाही. खाली उतरून मुकादमाला हटकावे लागते. छायाचित्रकाराची कृतज्ञता खरी की नुसती रसिकता, याचा निवाडा त्या वेळी होतो.