सोपवलेले मत

नागरिकशास्त्राचा तास आमच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर येतो. मुलांच्या पोटात तेव्हा डब्यातली पोळीभाजी असते आणि डोळ्यांवर पेंग. अशा वेळी संविधानाची कलमे शिकवणे म्हणजे झोपलेल्याला अंगाई म्हणून दाखवणे. म्हणून मी मधूनमधून पुस्तक मिटून ठेवते आणि परमुलखाच्या गोष्टी सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झाली, तेव्हा असाच विषय निघाला. तिथल्या दोन मोठ्या पक्षांपैकी रिपब्लिकनांची खूण हत्ती आणि डेमोक्रॅटांची गाढव, असे सांगताच वर्ग खडबडून जागा झाला. गाढवाची खूण घेऊन आपल्या गावात ग्रामपंचायतीला कोण उभा राहील, या चर्चेत पाच मिनिटे गेली. नावेही सुचवली गेली. ती इथे देत नाही.

हसू ओसरल्यावर मी फळ्यावर आकडे मांडले. अमेरिकेतला मतदार नोव्हेंबरात मत देतो, ते खरे पाहता अध्यक्षाला नव्हेच. तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो. प्रतिनिधिगृहात राज्याचे जितके सभासद, त्यांत सिनेटचे दोन मिळवा, तितके त्या राज्याचे निर्वाचक. राजधानीचे तीन धरून सगळे मिळून ५३८. त्यांतले २७० ज्याच्या बाजूने, तो अध्यक्ष. ५० पैकी ४८ राज्यांत ज्याला सर्वांत जास्त मते, त्याच्याच पदरात राज्याचे सगळे निर्वाचक पडतात; मेन आणि नेब्रास्का एवढी दोनच राज्ये थोडी वाटणी करतात. मग डिसेंबरात हे निर्वाचक आपापल्या राज्यात जमतात, कागदावर नाव लिहितात आणि ते कागद मोहरबंद होऊन वॉशिंग्टनला जातात.

“पण बाई,” दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “कुणाचे नाव लिहायचे ते आधीच ठरलेले असते ना?”

“असते.”

“मग माणसे कशाला जमवायची? नुसते आकडेच पाठवायचे की!”

मी म्हटले, “उद्या सांगते.” शिक्षकाच्या भात्यातला हा जुना बाण आहे. पण त्या दिवशी घरी परतताना तो बाण माझ्याच अंगात रुतून बसला होता. का, ते पुढे सांगेन.

माणसे जमवायची ती त्यांनी विचार करावा म्हणून, असे मूळ उत्तर आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, तेव्हा तिच्यात राजकीय पक्षांचा उल्लेखसुद्धा आला नाही. पुढच्या वर्षी अलेक्झांडर हॅमिल्टनने वृत्तपत्रांतून या योजनेचे समर्थन केले. त्याच्या डोळ्यांपुढे चित्र होते ते थोड्या जाणत्या माणसांचे. सरकारी हुद्दा नसलेली, एवढ्याच कामापुरती निवडलेली ही माणसे शांतपणे बसून देशासाठी योग्य माणूस शोधतील. चित्र मोठे सात्त्विक खरे, पण दहा वर्षेही टिकले नाही. १७९६ मध्ये वॉशिंग्टनने पायउतार होण्याचे जाहीर केले ते पक्षाभिमानाचा धोका देशाला बजावून. आणि त्याच साली पेनसिल्व्हेनियाच्या सॅम्युएल माइल्स या निर्वाचकाने, फेडरलिस्टांच्या यादीतून निवडून येऊन, मत टाकले ते विरुद्ध बाजूच्या जेफरसनला. एका संतापलेल्या मतदाराने वर्तमानपत्राला लिहिले, की मी या गृहस्थाला निवडले ते काम करायला, विचार करायला नव्हे. हॅमिल्टनला हवी होती विचार करणारी माणसे आणि मतदाराला हवा होता निरोप्या. सव्वादोनशे वर्षे होऊन गेली, तरी ही तक्रार मिटलेली नाही.

आपल्या संसारात ही दोन्ही माणसे आपल्याला भेटतात. बाजारातून ज्वारी आणायला सांगितलेला गडी ‘गहू चांगला होता’ म्हणून गहू घेऊन आला, तर आपण त्याच्यावर रागावतो. तुझी आवड कुणी विचारली, असे म्हणतो. पण सोयरीक पक्की करायला गेलेल्या मामाला तिथे गेल्यावर कळले की मुलगा व्यसनी आहे, आणि ‘होकार द्या म्हणून सांगितले होते’ एवढ्यावर तो सुपारी फोडून आला, तर त्याला आपण जन्मभर क्षमा करणार नाही. मग निर्वाचक हा गडी की मामा? दोघांत मला एक फरक दिसतो. मामा ‘घरी विचारून कळवतो’ म्हणू शकतो. निर्वाचकाला परत येऊन विचारायची सोय नाही. दिवस ठरलेला, कागद समोर, आणि ज्यांनी पाठवले ती लाखो माणसे आपापल्या घरी.

याच कात्रीत सापडलेला एक माणूस माझ्या मनात घर करून राहिला आहे. जेम्स रसेल लोवेल हा कवी, हार्वर्डचा प्राध्यापक, गुलामगिरीविरुद्ध लेखणी झिजवलेला. १८७६ च्या निवडणुकीत तो मॅसॅच्युसेट्समधून रिपब्लिकन पक्षाचा निर्वाचक झाला. उमेदवार होते दोघे, रिपब्लिकन हेस आणि डेमोक्रॅट टिल्डन. टिल्डनला देशभरात सुमारे अडीच लाख मते जास्त पडली. निर्वाचकांपैकी १८४ निर्विवाद त्याचे होते आणि हवे होते १८५. फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना या तीन राज्यांची मते व ऑरेगनचे एक, अशी २० मते वादात सापडली. लबाडीचा आरोप दोन्ही बाजूंनी होता. दक्षिणेत निग्रो म्हणून हिणवल्या जाणाऱ्या, नुकत्याच मुक्त झालेल्या माणसांना धाकदपटशाने मतदानापासून दूर ठेवले गेले होते, तेही खरेच.

म्हणजे एक मत. एका माणसाने आपला कागद फिरवला असता, तर तंटा तिथेच संपला असता. लोवेल हा स्वतंत्र बाण्याचा म्हणून प्रसिद्ध. घटनेने तुम्हाला मोकळीक दिली आहे, टिल्डनचे नाव लिहा, असे त्याला सुचवले गेले. त्याने नकार दिला. ज्यांनी मला निवडले त्यांची अपेक्षा मी हेसला मत द्यावे अशी होती, आणि त्या अपेक्षेने मी बांधलेला आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. हेस अधिक लायक आहे म्हणून, असे कारण त्याने पुढे केले नाही. पुढे पंधरा जणांचे एक मंडळ नेमले गेले, त्याने आठ विरुद्ध सात असा कौल देत वादातली वीसही मते हेसला दिली, आणि मार्च १८७७ मध्ये हेस १८५ विरुद्ध १८४ असा अध्यक्ष झाला.

ही गोष्ट इथे थांबवली तर ती वर्गात सांगायला फार सोयीची आहे. पण पुढच्या दोन गोष्टी लपवणे बरे नव्हे. त्याच वर्षी हेसने लोवेलला स्पेनमध्ये अमेरिकेचा वकील म्हणून पाठवले. ते इमानाचे बक्षीस होते काय? तसे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही; स्पॅनिश साहित्याचा तो जाणकार होता, एवढे मात्र खरे. दुसरी गोष्ट अधिक बोचते. हेस अध्यक्ष झाल्यावर दक्षिणेतल्या राजवटींना आधार देणारे केंद्राचे सैन्य हलवले गेले, आणि ज्या काळ्या माणसांसाठी लोवेलने तारुण्यात कविता लिहिल्या होत्या त्यांच्या हक्कांना पुढची कित्येक दशके कुणी वाली उरला नाही. टिल्डन आला असता तर याहून बरे झाले असते, असे मला मुळीच वाटत नाही. पण दिलेला शब्द पाळला की त्यातून चांगलेच निपजते, हे आपल्या आजीचे गणित इथे जुळत नाही. भीष्माचेही कुठे जुळले?

उलट बाजूने पाहा. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते मिळाली, तरी निर्वाचकांच्या हिशेबात त्या हरल्या. तेव्हा काही डेमोक्रॅट निर्वाचकांनीच आपल्या उमेदवाराला सोडून तिसऱ्याचे नाव लिहिले. रिपब्लिकनांनीही तसेच करावे आणि एखादा मधला माणूस पुढे यावा, अशी त्यांची आशा होती. सात मते अशी फिरली. निकाल फिरला नाही. वॉशिंग्टन राज्याने आपल्या चौघांना प्रत्येकी हजार डॉलर दंड केला. त्यांतले तिघे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जुलै २०२० मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की शब्द मोडणाऱ्या निर्वाचकाला शासन करण्याचा राज्याला अधिकार आहे. कायद्याचा प्रश्न सुटला. पण ‘शासन करता येते’ म्हणजे ‘चूक होते’ असे नव्हे, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक असते. आम्ही कितीतरी वेळा बरोबर मुलालाच बाकावर उभे केलेले असते.

आपल्याकडेही राष्ट्रपती निवडायला निर्वाचकगणच आहे. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी असताना पंतप्रधान इंदिरा गांधींनी सभासदांना सदसद्विवेकबुद्धीने मत द्यायला सांगितले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. त्याच वर्षी पक्ष दुभंगला. विवेकाचा आवाज वरून आदेश आल्यावर ऐकू येऊ लागला, यातली गंमत सोडून देऊ.

आता माझ्या अंगात रुतलेल्या बाणाविषयी. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका पतपेढीच्या अध्यक्षाची निवड होती. प्रत्येक शाळेने एक प्रतिनिधी पाठवायचा, प्रतिनिधींनी मत द्यायचे. आमच्या शाळेतल्या अकराजणांनी मला पाठवले आणि कुणाला मत द्यायचे तेही एकमुखाने सांगितले. मी हो म्हटले. सभागृहाच्या व्हरांड्यात एक बाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान शिक्षक होते, वारले होते. त्यांच्या ठेवीचे पैसे तीन वर्षे अडकले होते, आणि ते अडवणारा माणूस, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, आमचाच उमेदवार. त्यांच्या पिशवीत अर्जांच्या पोचपावत्यांचा गठ्ठा होता. मी तो पाहिला. दुसरी बाजू ऐकायला वेळ नव्हता, आणि खरे सांगायचे तर मला ती ऐकायचीही नव्हती. मी आत गेले आणि दुसऱ्याच्या नावापुढे फुली मारली.

मतदान गुप्त होते. मी बोलले नसते तर कुणाला कळलेही नसते. आमचा उमेदवार भरपूर मतांनी निवडून आला, म्हणजे माझ्या फुलीने कुणाचे काही अडले नाही आणि त्या बाईंचे काही सुटलेही नाही. पण दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी सगळे सांगून टाकले. कुणी वाहवा केली, कुणी तोंड फिरवले. आमचे वडीलधारे चित्रकलेचे सर तेवढे शांत होते. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “बाई, तुम्ही योग्य माणसाला मत दिलेत, हे मी मान्य करतो. पण ते तुमचे मत नव्हते. आम्ही ते तुमच्याजवळ ठेवायला दिले होते.” जरा थांबून ते म्हणाले, “त्या बाईंची ठेव अडवली, म्हणून तुम्हाला राग आला ना?”

मला उत्तर सुचले नाही. आजही पुरते सुचलेले नाही. त्या पावत्या पाहिल्यावर ठरलेल्या नावापुढे फुली मारून मी घरी आले असते, तर रात्री जेवण गेले नसते, हे मला माहीत आहे. आणि सरांचे म्हणणे खोडता येत नाही, हेही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी लोवेलची गोष्ट सांगितली. त्याचे बरोबर म्हणणारे हात वर करा म्हटले, निम्मे हात वर आले. चूक म्हणणारे किती, निम्म्याला थोडे कमी. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने दोन्ही वेळा हात खालीच ठेवला होता. मी विचारले, “तुझे काय?” ती म्हणाली, “त्याने राजीनामा का नाही दिला?”

हे मला सुचले नव्हते. पण असे घडलेले आहे. २०१६ मध्येच टेक्सासच्या एका रिपब्लिकन निर्वाचकाने मनाविरुद्ध मत देण्यापेक्षा जागा सोडली, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला गेला. हात स्वच्छ राहिले, मत जायचे तिकडेच गेले. मलाही त्या दिवशी कोरी चिठ्ठी टाकता आली असती, किंवा उठून व्हरांड्यात येता आले असते. तिथे त्या बाई बसलेल्याच होत्या.

पतपेढीच्या पुढच्या निवडणुकीत शाळेने मला पाठवले नाही. चित्रकलेच्या सरांना पाठवले. आदल्या दिवशी ते शिक्षकांच्या खोलीत आले, पुन्हा एकदा प्रत्येकाला विचारून घेतले, आणि जाताना आम्हा सगळ्यांचे फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती कोटाच्या खिशात नीट घडी करून ठेवली.