पूर्वसंध्या कोणाची?

एखाद्या घटनेच्या आधीच्या काळासाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत : 'ईव्ह', 'रन-अप', 'बिल्ड-अप', 'प्रील्यूड', 'काउंटडाउन'. पर्यायकोशात ते एकाच ओळीत बसतात आणि लिहिणारा त्यांतला कानाला बरा वाटेल तो उचलतो. परंतु आधीचा काळ आणि नंतरची घटना यांच्या नात्याविषयी प्रत्येक शब्द वेगळे विधान करीत असतो. 'ईव्ह' म्हणजे सणाच्या आदल्या दिवसाची सांज. सण दिनदर्शिकेत आधीच ठरलेला असतो. 'रन-अप' ही गोलंदाजाची धाव. चेंडू टाकण्याचा हेतू तिच्यात पहिल्या पावलापासून असतो. 'प्रील्यूड'ला रचनाकार लागतो. 'काउंटडाउन'मध्ये अंक शून्याकडेच जातात. अग्निबाणाच्या उड्डाणापूर्वीची गणती मध्येच थांबवता येते, रद्दही करता येते, ही गोष्ट मात्र रूपक विसरते. मराठीतली 'पूर्वसंध्या' आणि 'नांदी' याच जातीची. नांदी म्हटली जाते तेव्हा नाटक ठरलेले असते.

येथे एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो. त्या काळात जगणाऱ्यांना जी घटना ठाऊकच नव्हती, तिच्यावरून त्यांच्या काळाला नाव देण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

ज्ञानमीमांसेच्या अंगाने या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते. ऑर्थर डान्टो यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासतत्त्वज्ञानविषयक ग्रंथात दाखवून दिले की, 'तीस वर्षांचे युद्ध १६१८ मध्ये सुरू झाले' यासारखे विधान १६१८ मधला कोणताही साक्षीदार करू शकला नसता, तरीही ते सत्य आहे. नंतरच्या घटनेच्या प्रकाशात आधीच्या घटनेचे वर्णन करणे हा इतिहासकथनाचा दोष नाही. तसे केल्यावाचून इतिहास लिहिताच येणार नाही.

मग अडचण कोठे आहे? कथन करणाऱ्याला जे ठाऊक आहे ते पात्रांनाही ठाऊक असायला हवे होते, असे जेव्हा आपण नकळत गृहीत धरतो तेव्हा. मायकेल आन्द्रे बर्नस्टाइन यांनी १९९४ मध्ये या प्रवृत्तीची चिकित्सा केली. तिला मराठीत 'पश्चात्छाया' म्हणता येईल. त्यांचा रोख युरोपातील ज्यूंच्या संहारावरील लेखनाकडे होता. संहारापूर्वीच्या ऑस्ट्रियातील ज्यू सुखवस्तू होते, बेसावध होते, अशी या लेखनातली वर्णने वाचता वाचता दोषारोपात बदलतात आणि बळी गेलेल्यांवर न पाहिल्याचा ठपका येतो. या संदर्भात अहरोन ॲपलफेल्ड यांची कादंबरी बर्नस्टाइन तपासतात. ॲपलफेल्ड स्वतः बालपणी या संहारातून वाचले होते. त्यांच्या कादंबरीचे मूळ हिब्रू शीर्षक बाडेनहाइम या विश्रामनगरीचा तेवढा निर्देश करते. १९८० च्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात मात्र '१९३९' हे वर्ष आले. त्या चार अंकांमुळे पहिल्या पानापासूनच वाचकाच्या हाती पात्रांना नसलेले ज्ञान येते आणि विश्रामनगरीतला साधा वसंतही अपराधी दिसू लागतो.

१९१४ च्या जुलैचे उदाहरण घ्यावे. 'महायुद्धाची पूर्वसंध्या' म्हणून तो महिना ओळखला जातो. परंतु पॅरिसमध्ये २० ते २८ जुलै या काळात वृत्तपत्रे मादाम कायो यांच्यावरील खुनाच्या खटल्याने व्यापली होती. त्या निर्दोष सुटल्या त्याच दिवशी, २८ जुलैला, ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. लंडनमध्ये २१ ते २४ जुलै या दिवसांत राजवाड्यावर परिषद भरली होती ती आयर्लंडच्या प्रश्नावर. यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर आपण उभे आहोत, असे तेथील अनेकांना खरोखरच वाटत होते. म्हणजे हे लोक झोपेत नव्हते. त्यांचीही एक पूर्वसंध्या होती. ती निराळ्या उद्याची होती आणि तो उद्या त्या रूपात तेव्हा उगवला नाही. 'ईव्ह' हा एकवचनी शब्द अशा न उगवलेल्या दिवसांना पुसून टाकतो.

काही शब्द याच्या उलट काम करतात. ते दोष लावण्याऐवजी दोष झाकतात. अमेरिकेच्या दक्षिणेतील १८६१ पूर्वीच्या काळाला 'अँटीबेलम', म्हणजे 'युद्धपूर्व', म्हणण्याची रूढी आहे. त्या काळाचे केंद्र गुलामगिरी होते. युद्धावरून नाव दिल्याने ती परिघावर सरकते आणि शांत, संपन्न हवेल्यांचे चित्र तेवढे उरते. त्या मळ्यांवर राबणाऱ्यांच्या लेखी तो काळ कशाच्याही 'पूर्वी'चा नव्हता. तेच त्यांचे सबंध आयुष्य होते. २०२० मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकन गायकवृंदाने आपल्या नावातून हा शब्द काढला तो याच जाणिवेने.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर म्हणावा लागेल, कारण त्यात घटना घडण्याआधीच तिच्यावरून काळाला नाव दिले जाते. इराकवरील आक्रमण मार्च २००३ मध्ये झाले. त्याआधीचे काही महिने शस्त्रनिरीक्षक त्या देशात काम करीत असताना एका अमेरिकन वृत्तवाहिनीवर 'काउंटडाउन : इराक' या नावाचा कार्यक्रम चालू होता. ज्या प्रश्नाचा निर्णय औपचारिकदृष्ट्या अद्याप व्हायचा होता तो शीर्षकानेच निकालात काढला होता. पश्चात्छाया मेलेल्यांवर अन्याय करते. ही पुरश्छाया जिवंतांचे पर्याय हिरावून घेते.

यावर असा आक्षेप येईल की, अशी नावे टाकली तर उत्तरदायित्वही निसटेल. आक्षेप रास्त आहे. ज्यांनी युद्ध योजले त्यांच्यापुरता 'रन-अप' हा शब्द अचूकच आहे, कारण त्यांच्या धावेत हेतू होता. म्हणूनच हे शब्द वर्ज्य करण्याऐवजी ते कोणासाठी वापरले जात आहेत हे पाहावे. योजणाऱ्याच्या काळाला हेतूचे नाव द्यावे. ज्याच्यावर घटना कोसळली त्याचा काळ त्याच्याच अपेक्षांनी व भयांनी वर्णावा. दोघांना एकाच 'पूर्वसंध्ये'त बसवले की कर्ता आणि बळी यांतला भेद मावळतो.

मराठी समीक्षेलाही हा विवेक हवा. 'स्वातंत्र्यपूर्व कादंबरी' हे नाव सोयीचे आहे आणि ते राहीलही. परंतु १९३५ मधल्या लेखकाला १९४७ हे वर्ष ठाऊक नव्हते. त्याच्या संहितेत स्वातंत्र्याची चाहूल नाही म्हणून तिला उणे ठरवणे, किंवा ओढूनताणून ती चाहूल शोधून तिचा गौरव करणे, या दोन्ही वाचनांत त्या लेखकाचा खुला असलेला उद्या आपण बंद करतो. तो उद्या पुन्हा खुला करून वाचणे हे समीक्षेचे नैतिक कर्तव्य आहे.